किल्ली बँकेकडे, घरपट्टी आमच्या नावावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्चअखेरीस आपल्या अंकात घरपट्टी वसुलीची बातमी आली होती. थकबाकीदारांची नावं चौकातल्या फलकावर लावली, काही दुकानांना टाळं ठोकलं, असं त्यात होतं. वसुली झालीच पाहिजे. गटारी, दिवे, कचरागाडी हे सगळं त्याच पैशातून चालतं. पण आमच्या जुन्या गावातल्या फलकावर सातव्या ओळीत माझ्या यजमानांचं नाव आहे, आणि ज्या घरापायी ते लागलं त्या घरात आम्ही फेब्रुवारी 2022 पासून पाऊल ठेवलेलं नाही. ठेवताच येत नाही, त्याला बँकेचं कुलूप आहे.

गाव बेळगाव जिल्ह्यातलंच, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, बँकेचंही नाही. मला कुणा एका कारकुनाची किंवा साहेबाची तक्रार करायची नाही. आमच्यासारखं घर सोडून भाड्याच्या खोलीत आलेलं कुटुंब आता सीमाभागातल्या बऱ्याच गल्ल्यांतून दिसतं. कुणाचा माग बसला, कुणाचं वर्कशॉप, कुणाचा तंबाखूचा व्यापार. घर गेलं म्हणजे घरपट्टीही गेली, असंच आम्ही सगळे धरून चालतो. ते खरं नाही, आणि हे मला कळायला पावणेतीन वर्षं आणि चार हजारांवर दंड लागला. म्हणून हे पत्र.

आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करायचे. दोन लेथ, एक ड्रिलिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग. 2017 साली सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेतलं. कर्ज चोवीस लाखांचं, तारण घर. घर सासऱ्यांनी बांधलेलं, कौलारू, पुढे सोपा, मागे परडं, परड्यात फणस आणि आडाला बारमाही पाणी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामं बंद झाली. हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत मिळाली, पण त्या सहा महिन्यांचं व्याज कर्जातच चढलं. पुढे तीन हप्ते चुकले, खातं थकीत झालं. मग साठ दिवसांची नोटीस आली, इंग्रजीत. मग दाराला कागद लागला, मग पेपरात जाहिरात. 2022 च्या फेब्रुवारीत आम्ही स्वतःहून किल्ली दिली. पोलीस दारात येऊन भांडी रस्त्यावर जाण्यापेक्षा ते बरं, असं यांचं म्हणणं होतं, आणि मला अजूनही ते बरोबर वाटतं.

किल्ली देताना मी बँकेच्या माणसाला विचारलं होतं, "साहेब, घरपट्टीचं काय?" तो म्हणाला, "आता घराशी तुमचा संबंध नाही, मावशी." पंचनाम्यावर पंख्यांची संख्या लिहिली, देवघराचा लाकडी मखर लिहिला, परड्यातल्या फणसाची नोंद केली. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईट बिल यांबद्दल एक ओळही नव्हती. मी ती लिहून मागायला हवी होती. त्या दिवशी ते सुचलं नाही. बाहेर टेम्पो उभा होता, आणि सासूबाईंचा पाटा त्यात चढवायचा की नाही यावर आमचं दोघांचं बोलणं चाललं होतं.

आम्ही बेळगावात अनगोळला दोन खोल्यांत आलो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो जमेल तसे पाठवतो. मी चौदा डबे करते. बँकेशिवाय सोसायटीचं, स्टीलवाल्याचं आणि हातउसनं मिळून आणखी नऊ लाखांचं देणं होतं, आणि लोक दारात येऊन बसत होते. वकिलांनी नादारीचा, म्हणजे देणी फेडणं आता शक्य नाही असं न्यायालयानं ठरवावं यासाठीचा, अर्ज द्यायला सांगितला. 2023 मध्ये तो जिल्हा न्यायालयात दाखल झाला, अजून आदेश नाही. पेपरात दिवाळखोरीचा नवा कायदा म्हणून जो येतो तो 2016 चा. त्यातला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. स्वतःच्या नावानं धंदा केलेल्या आमच्यासारख्याला 1920 चा जुना प्रांतिक नादारी कायदाच. पाचशे रुपयांवर देणं असलं की अर्ज करता येतो असं त्यात लिहिलंय, यावरून त्याचं वय कळावं.

नोव्हेंबर 2024 मध्ये जुन्या शेजारणीचा फोन आला. "तुमच्या दाराला कागद चिकटवलाय." मी म्हटलं, बँकेचा असेल. ती म्हणाली, नाही, पालिकेचा. कागद कन्नडमध्ये होता. तिच्या नातीनं फोनवरून वाचून दाखवला, मी वहीत उतरवून घेतला. कन्नडबद्दल माझ्या मनात काही नाही, आमच्या गल्लीतली निम्मी घरं कन्नड बोलायची आणि चवथीला त्यांच्या घरचा मोदक आधी आमच्याकडे यायचा. पण ज्याच्यावर दंड चढतोय त्याला तो कागद स्वतः वाचता यावा, एवढं मागणं जास्त नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1956 च्या केंद्राच्या निवेदनातच आहे. आणि बंद घराच्या दारावर कागद चिकटवून तो घरमालकाला पोचतो कसा? शेजारीण नसती तर आम्हाला अजूनही कळलं नसतं.

आकडा लिहिते, कारण आकड्यावाचून हे कुणाला पटत नाही. आमची वर्षाची पट्टी 4,260 रुपये. 2021-22 पर्यंतच्या सगळ्या पावत्या माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यापुढची तीन वर्षं थकली, म्हणजे 12,780. आपल्याकडे कर्नाटकात पट्टी एप्रिलमध्ये भरली तर पाच टक्के सूट, जूनपर्यंत मूळ रक्कम, आणि जुलैपासून दर महिन्याला दोन टक्के दंड. बँकेच्या घरकर्जाचं व्याज याच्या निम्म्याहून कमी असतं. नोव्हेंबरपर्यंत दंड झाला 4,345. मार्चअखेरीस तो 5,368 वर गेला. नुसत्या चार महिन्यांत हजार रुपये वाढले. शिवाय नळाचं कनेक्शन तोडलेलं नव्हतं, म्हणून पाणीपट्टी वेगळी, आणि मीटर आमच्याच नावावर असल्यामुळे लाईटचा स्थिर आकार वेगळा. तीन वर्षं त्या घरात एक बल्ब पेटलेला नाही.

मी पालिकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी खुर्ची दिली, उतारा काढून दाखवला. नाव यजमानांचं. त्या म्हणाल्या, "बँकेनं आम्हाला काहीच कळवलेलं नाही. कळवलं असतं तरी विक्रीचा दाखला नोंद होऊन नाव बदलेपर्यंत आम्ही मालक म्हणून यांनाच धरणार." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बँक ताबा घेते म्हणजे मालकी घेत नाही. लिलाव होऊन, पैसे भरून, दाखला मिळून, उताऱ्यावर नवं नाव चढेपर्यंत कागदावर घर आमचंच. घर बंद आहे, रिकामं आहे, म्हणून पट्टी आपोआप थांबत नाही.

तिथून मी बँकेत गेले. तिथं उत्तर मिळालं की लिलाव जसं आहे तसं, जिथं आहे तिथं या अटीवर होतो, मागची पट्टी घेणारा भरेल. ऐकायला सोपं वाटलं. घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आलं की घेणारा काही खुळा नाही. अठरा हजार पट्टीचे, वर पाण्याचे, लाईटचे, हे तो आपल्या बोलीतून आधी वजा करणार. बोली कमी आली की कर्ज तेवढं कमी फिटणार, आणि उरलेल्या रकमेसाठी बँक आमच्यावरच दावा लावू शकते. बाकी वीस लाखांच्या आत असली तर तो दिवाणी न्यायालयात चालतो, त्यावर असली तर बेंगळुरूच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात, इथून पाचशे किलोमीटरवर. म्हणजे "घेणारा भरेल" याचा अर्थ आम्हीच भरणार, फक्त उशिरा आणि दंडासकट.

वकिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 76 वाचून दाखवलं. गहाण घेणारा ताब्यात असेल तर, वेगळा करार नसल्यास, त्या मालमत्तेच्या उत्पन्नातून त्यानं सरकारी सारा आणि सार्वजनिक स्वरूपाची देणी भरायची असतात. मी लगेच म्हटलं, मग झालं की! ते म्हणाले, "ताई, 'उत्पन्नातून' हा शब्द बघा. कुलूप लावलेल्या घराला उत्पन्न कुठलं?" बँकेनं घर भाड्यानं दिलं असतं तर भाड्यातून पट्टी भरणं तिच्यावर आलं असतं. बंद ठेवलं, म्हणून सुटली. हे मला अजून पचलेलं नाही. भाडेकरू ठेवला असता तर घरही धड राहिलं असतं.

दुसराही एक नियम आहे, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. थकलेल्या कर्जापायी तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा जो सरफेसी कायदा, त्याखालच्या 2002 च्या नियमांत आठवा नियम आहे. प्रत्यक्ष ताबा घेतलेल्या घराची काळजी बँकेच्या अधिकाऱ्यानं साधारण शहाणा मालक घेईल तशी घ्यायची. आता आमच्या पावसाच्या भागात शहाणा मालक काय करतो ते कुणालाही विचारा. मे महिन्यात घर शाकारतो. फुटकी कौलं बदलतो, पन्हळी साफ करतो, वाशांना वाळवी लागली का बघतो. आमच्या घराची शाकारणी तीन वर्षं झालेली नाही. शेजारीण म्हणते, न्हाणीवरचा कोपरा खचलाय आणि माजघरातून आभाळ दिसतं. दोन लिलाव झाले, बोली आली नाही. पहिल्यांदा राखीव, म्हणजे कमीत कमी, किंमत एकतीस लाख होती, दुसऱ्यांदा सव्वीस. हा पाच लाखांचा खड्डाही आमच्याच खात्यात जाणार. शहाणा मालक शाकारणी करतो आणि शहाणा मालक एप्रिलमध्ये पाच टक्के सूट घेऊन पट्टी भरतो. दोन्ही एकाच काळजीत येतं, असं माझं म्हणणं आहे. वकील म्हणतात हे कोर्टात मांडता येईल, टिकेल की नाही सांगता येणार नाही.

बँकेनं पट्टी भरली तर ती खर्च म्हणून आमच्याच कर्जखात्यात लागणार, हे मला ठाऊक आहे. कुणी फुकट भरावी असं मी मागत नाही. 4,260 ची पट्टी 4,260 लाच, किंवा एप्रिलच्या सवलतीत 4,047 ला भरली जावी, एवढंच मागते. माणूस बुडालेला असताना त्याच्यावर महिना दोन टक्के चढू देणं, आणि ते थांबवणं ज्याच्या हातात आहे त्यानं कपाटात किल्ली ठेवून गप्प बसणं, हे मला पटत नाही.

नादारीचं म्हणाल तर तिथंही मी चुकीच्या समजात होते. अर्ज दिला की सगळी देणी गोठतात, असं गल्लीत सगळे सांगायचे. तसं होत नाही. न्यायालयानं नादार ठरवल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्यानं नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते, पण तारण घेतलेल्या बँकेचा घर विकण्याचा हक्क त्यानं अडत नाही. वाटपात सरकारची आणि पालिका-पंचायतीसारख्या स्थानिक संस्थांची देणी पहिल्या रांगेत येतात, सोसायटी आणि स्टीलवाला मागच्या. मग ज्या वर्षाची पट्टी पुढे लागणार आहे तिचं काय, हा प्रश्न दर एप्रिलला नव्यानं उभा राहतो. जुनं देणं यादीत गेलं तरी चालू पट्टी उताऱ्यावरच्या नावावर पडतच राहते.

मी ती भरून टाकायला निघाले होते. डब्यांचे पैसे साठवून फलकावरचं नाव तरी पुसावं, असं वाटलं. यांनी तो फलक पाहिलाय. तेव्हापासून ते गावच्या यात्रेलाही जात नाहीत. वकिलांनी अडवलं. नादारीचा अर्ज चालू असताना एकाच घेणेकऱ्याला आपल्या मनानं पैसे देऊ नका, उद्या दुसरा आक्षेप घेईल. आधी न्यायालयाला कळवा, परवानगी मागा, म्हणाले. तसा अर्ज आम्ही दिला आहे.

माझ्यासारखं ज्यांच्यावर येणार आहे त्यांना माझं सांगणं आहे. किल्ली देता त्या दिवशी पंचनाम्यात घरपट्टी कुठल्या वर्षापर्यंत भरली ते लिहून घ्या आणि पावतीचा नंबर घाला. नळ बंद करायचा अर्ज द्या, मीटर जमा करायचा अर्ज द्या, मीटरवरचा आकडा फोटो काढून ठेवा. त्याच आठवड्यात पालिकेत किंवा पंचायतीत जाऊन लेखी कळवा की ताबा अमुक बँकेकडे गेला, आणि आमच्या नावची नोटीस नव्या पत्त्यावर पाठवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. नादारीचा अर्ज करत असाल तर यादीत पालिकेचं नाव घालायला विसरू नका. आम्ही सोसायटी घातली, सावकार घातला, किराणावाल्याचे अठराशे घातले. पालिका राहिली, ती नंतर दुरुस्ती करून घालावी लागली. आणि कुणी तोंडी "आता तुमचा संबंध नाही" म्हणालं तर त्याला हात जोडून सांगा, लिहून द्या.

पालिकांना माझी विनंती आहे की ताब्याची जाहिरात पेपरात येते, ती बघून त्या घराच्या नोंदीपुढे बँकेचं नाव लिहून ठेवावं आणि मागणीची एक प्रत बँकेलाही पाठवावी. मालक बदलायला नको, नोंद पुरे. फलकावर नाव लावण्याआधी घराला कुलूप कुणाचं आहे तेवढं पाहावं. तीस वर्षं एप्रिल चुकवला नाही असा माणूस आणि चार गाळे भाड्यानं देऊन पट्टी बुडवणारा माणूस एकाच फलकावर एकाखाली एक लिहिले जातात. आमच्या यादीत यांच्या खालचं नाव तसंच आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

9 एप्रिलला मी बँकेला लेखी अर्ज दिला. यंदाची पट्टी महिनाअखेरीपूर्वी भरावी, खर्च आमच्या खात्यात लावावा, आणि पावसाआधी न्हाणीवरची कौलं तरी बसवून घ्यावीत. लिहून न्यायला शेजारच्या मुलानं मदत केली, एक प्रत इंग्रजीत, एक मराठीत. इंग्रजीवर शिक्का मिळाला. मराठी प्रत त्यांनी बघितली नाही, पण मी ती जोडूनच दिली आहे. आज 16 तारीख, उत्तर आलेलं नाही. 30 पर्यंत भरली तर 213 रुपये वाचतील.

आपली,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)